वाफेवरची कोंबडी : चिनी रीत आणि वऱ्हाडी चूल

‘चायनीज’ हा शब्द आता वऱ्हाडातील खेड्यांनाही नवा राहिलेला नाही. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, जऊळका नावाचे स्टेशन आहे. गाव वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातले (नाशिककडचे मालेगाव ते निराळे). भोवताली सोयाबीन आणि तूर, उन्हाळ्यात उघडी पडलेली काळी शेते. अशा या मुलखातही संध्याकाळच्या वेळी बाजाराच्या गावी जावे, तर लाल अक्षरांची पाटी लावलेली गाडी दिसते, मोठी कढई आणि मोठा जाळ दिसतो, आणि तरुण मंडळी तिच्याभोवती उभी असतात. त्यांना विचारले की चिनी माणूस घरी काय खात असेल, तर उत्तर ठरलेले असते : तळलेले, तिखट आणि तांबडे.

हा समज कसा रूढ झाला याची हकिगत मौजेची आहे. कलकत्त्यात चिनी लोकांची वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. त्याच शहरात जन्मलेले नेल्सन वाँग नावाचे चिनी वंशाचे आचारी पुढे मुंबईस आले, आणि १९७५ साली तेथील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले, आले-लसूण-हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस घातला आणि ‘चिकन मांचुरियन’ सिद्ध केले, असे सांगितले जाते. मांचुरियात हा पदार्थ कोणास ठाऊक नाही. तो मुंबईचा आहे, आपला आहे, आणि चवीलाही वाईट नाही. त्याचा अव्हेर करावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र त्यावरून चिनी स्वयंपाकाची परीक्षा करणे म्हणजे चौपाटीवरच्या भेळेवरून मराठी घरातल्या रोजच्या जेवणाची परीक्षा करण्यासारखे आहे. मराठी माणसाला चीन एका थोर बाजूने ठाऊक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर तेथे गेले आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. दुसऱ्या बाजूने तो गाडीवरच्या कढईतून ठाऊक आहे. या दोहोंच्या मधले, म्हणजे चिनी घरातले साधे जेवण, आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही.

त्या घरातल्या स्वयंपाकाचा एक मुख्य आधार वाफ हा आहे. वाफवण्याला चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘जंग’ याच्या जवळपास होतो. चीनमधल्या उत्खननांत नवाश्मयुगातील मातीची वाफपात्रे सापडली आहेत, तळाला भोके असलेली, म्हणजे थेट आपल्या चाळणीच्या जातीची. उत्तरेकडे गव्हाच्या पिठाचे पाव भाजत नाहीत, वाफवतात. दक्षिणेकडे, कँटनच्या बाजूला, भाताच्या भांड्यावरच दुसऱ्या थाळीत मासा किंवा कोंबडी ठेवून एकाच जाळावर दोन्ही शिजवण्याची घरगुती रीत आहे. एकावर एक बांबूच्या टोपल्या रचाव्यात, खाली एकच चूल असावी, हे सरपण वाचवणाऱ्या समाजाचे शहाणपण आहे. काटकसरीतून निघालेली रीत पुढे रुचीची रीत झाली.

आता कोणी म्हणेल, हे सारे आपल्याला नवीन आहे. वस्तुतः तसे नाही. आपल्या भाषेतला ‘उकडणे’ हा शब्द पाहावा. उकडीचे मोदक वाफेवर होतात, आणि उकडलेली अंडी पाण्यात होतात, पण क्रियापद एकच. भाषेने हा भेद राखला नाही, तरी गृहिणीच्या हाताने तो बरोबर राखला आहे. मोदक पाण्यात सोडावा असे कोणा मुलीच्याही मनात येत नाही. वऱ्हाडातही वाफेचे पदार्थ थोडेथोडके नाहीत. भिजवून भरड वाटलेल्या डाळीचे फुणके वाफेवर होतात आणि कढीबरोबर खाल्ले जातात. धोप्याच्या पानांची, म्हणजे पुण्याकडच्या अळूची, वडी आधी वाफवली जाते आणि मग तेलात जाते. मुटके आहेत, ढोकळे आहेत. चाळणी आहे, तिच्याखालचा गंज आहे, झाकणाला बांधायचे फडके आहे. साहित्य सगळे घरात आहे. त्या चाळणीवर कोंबडी मात्र कधी चढली नाही.

ती का चढली नाही, याला कारण आहे, आणि ते कारण हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आपली कोंबडी अंगणात हिंडणारी गावरान. ती बहुधा अंडी देऊन थकल्यावर, नाहीतर पाहुणा दारात आल्यावर कापली जाई. तिचे मांस चिवट. त्याला दोन-दोन तास रटरटणे भाग होते, आणि इतका वेळ शिजवायचे तर पाणी हवे, पाणी आले की रस्सा आला, आणि रस्सा आला की कांदा-खोबरे भाजून, तीळ-खसखस वाटून, वर तर्री येईपर्यंत तेल घालून त्याला अंग द्यायचे. शिवाय एका कोंबडीत दहा माणसे जेवायची, तेव्हा भाकरी कुस्करायला रस्साच उपयोगी. म्हणून वऱ्हाडी रस्सा ही परिस्थितीने घडवलेली आणि पूर्ण विचाराची गोष्ट आहे.

पण त्या रश्श्याच्या गंजाची एक अडचण आहे, आणि याच अडचणीमुळे आम्ही हा विषय हाती घेतला. घरात भाजी एकाच गंजात होते, आणि तिचे तिखट घरातल्या सर्वांत धडधाकट जिभेच्या बेताने पडते. म्हाताऱ्या आजीला दात नाहीत, आम्लपित्त आहे. घरातले एखादे माणूस नुकतेच दवाखान्यातून आलेले असते. तीन वर्षांचे पोर असते. या मंडळींना त्या दिवशी काय मिळते? रश्श्यातला तुकडा पाण्यात धुऊन दिला जातो, किंवा ‘तुम्ही आपला वरणभात घ्या’ असे प्रेमानेच सांगितले जाते. वरणभातात काही उणे नाही. पण सगळे घर कोंबडी खात असता एका ताटात ती नसावी, आणि तीही ज्याला पचायला हलक्या प्रथिनांची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्याच ताटात, हा हिशेब उलटा आहे. त्या ताटासाठी निराळी भाजी करणे म्हणजे चुलीपुढच्या बाईच्या कामात आणखी एका तासाची भर. वाफेवरची कोंबडी ही भर पंचवीस मिनिटांवर आणते, आणि तीही भात शिजत असतानाच.

तेव्हा वाफ काय करते ते थोडे समजून घेऊ. पाण्याला तीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत न्यायला ग्रॅममागे सत्तर कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात, आणि तापमान एका अंशानेही वाढत नाही. ही उष्णता वाफेत दडून बसते. वाफ थंड मांसाला टेकली की तिचे पुन्हा पाणी होते आणि दडलेली सारी उष्णता त्या जागी सुटते. म्हणून वाफ शांतपणे, पण फार वेगाने शिजवते. वाफेने भाजलेला हात इतका का पोळतो त्याचेही उत्तर यातच आहे, आणि म्हणून झाकण उघडताना ते नेहमी आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उचलावे. समुद्रसपाटीपासून वर गेले की पाणी शंभराच्या आतच उकळते, साधारणतः दर तीनशे मीटरला एक अंश कमी. वाशीमच्या परिसरात हा फरक दीड-दोन अंशांचा आहे. स्वयंपाकाला तो जाणवण्याजोगा नाही.

मांसाच्या बाजूने पाहिले तर कोंबडीतली प्रथिने पन्नास अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतात, आणि पासष्ट-सत्तरच्या पुढे तंतू आक्रसून आतले पाणी पिळून बाहेर टाकतात. त्यानंतरचे प्रत्येक मिनिट मांस कोरडे करते. उलट, तंतूंना बांधून ठेवणारे जे चिवट वेष्टन असते, ते सत्तरच्या पुढे सावकाश, पुष्कळ वेळाने विरघळते. कोवळ्या पक्ष्यात हे वेष्टन नाजूक असते आणि वयाबरोबर ते जून होते. पाककृतीतला अर्धा निर्णय येथेच होतो. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आतबाहेरची असते. तिला थोडा वेळ पुरतो आणि अधिक वेळ बाधतो. गावरान कोंबडीला थोडा वेळ कधीच पुरणार नाही. दोघींना एकच रीत लावली की एक चामड्यासारखी होते, नाहीतर दुसरी भुशासारखी. गावरानीची रीत निराळी आहे. ती पुढे सांगतो.

ब्रॉयलर घ्यायची ती मांडीची आणि तंगडीची, हाडासकट, दीड इंचाचे तुकडे करून. छातीचे मांस पांढरे आणि दिसायला छान, पण वाफेवर लवकर कोरडे पडते. चिनी गृहिणी तेही करते, पण तिचे घड्याळाकडे लक्ष असते. चार माणसांना अर्धा किलो पुरे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मसाला पुष्कळ झाकतो, वाफ काही झाकत नाही. सकाळी कापलेल्या आणि दुपारपर्यंत टांगून ठेवलेल्या कोंबडीचा वास रश्श्यात लपेल, वाफेत तो दुप्पट होऊन समोर येईल. ज्यांना ‘वाफवलेली कोंबडी उग्र लागते’ असा अनुभव आलेला असतो, त्यांच्या बाबतीत बहुधा कोंबडी शिळी असते. वऱ्हाडचा चैत्र-वैशाख म्हणजे पारा बेचाळीसच्या वर. अशा उन्हात कच्चे मांस तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये. सकाळी, ऊन चढण्याआधी, आपल्यासमोर कापून घ्यावे, झाकलेल्या डब्यातून आणावे, आणि फ्रिज नसेल तर लगेच चुलीवर चढवावे. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुण्याची आपली सवय सोडण्यासारखी आहे. उडालेल्या तुषारांबरोबर तिच्यावरचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, जाऊन बसतात. धुवायचेच असेल तर गंजात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळावे, आणि मग सुरी, पाट, हात साबणाने धुवावेत. हळद लावली म्हणजे जंतू मेले, हा भ्रम आहे. त्यांना उष्णताच मारते.

उष्णतेचा हा विषय महाराष्ट्राला एकदा चांगलाच शिकावा लागला. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला. भारतातला तो पहिला. लाखो पक्षी मारावे लागले आणि राज्यभर लोकांनी कोंबडी खाणे सोडले. पुढे २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावीही तोच रोग आला. परभणी वाशीमपासून काही लांब नाही. त्या दोन्ही वेळी वैद्यकीय सल्ला एकच होता : मांसाच्या आतपर्यंत सत्तर अंश उष्णता पोहोचली की हा विषाणू टिकत नाही. रश्श्यात हे आपोआप साधते. वाफेवर ते साधले की नाही हे पाहावे लागते, कारण येथे वेळ थोडा असतो. आजारी माणसासाठी, पोरासाठी करायची असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

भांड्याचे फारसे काही नाही. मोठा गंज, त्यात तीन-चार बोटे पाणी, मध्ये पालथी घातलेली जड वाटी किंवा लोखंडी कडे, आणि त्यावर काठाची स्टीलची थाळी. थाळी गंजाच्या घेरापेक्षा बोटभर लहान असावी, नाहीतर वाफेला वर यायला वाटच राहत नाही. मोदकपात्र असेल तर त्याची चाळणी, पण तीवरही थाळी ठेवावी, कारण कोंबडीतून सुटणारा रस हाच या पदार्थाचा प्राण आहे आणि तो खाली पाण्यात जाऊ देणे म्हणजे घी देखा लेकिन बडगा नहीं देखा अशी गत. झाकणाला आतून कोरडे फडके बांधावे. झाकणावर जमलेले पाणी टपटप थाळीत पडले की रस बेचव होतो. चिनी लोक बांबूचे विणलेले झाकण वापरतात, त्यात हे पाणी मुरते. आमच्या मते हे काम आपल्याकडचा बुरूड उत्तम करील. सूप आणि टोपली विणणाऱ्या हाताला असे झाकण विणणे काय कठीण? रंग किंवा व्हार्निश न लावलेले मात्र मागावे.

कुकर वापरायचा असेल तर शिटी काढून वापरावा, इडलीला वापरतो तसा. शिटी लावली की आत दाब चढून तापमान १२० अंशांच्या घरात जाते, आणि कोवळी कोंबडी दोन शिट्यांत हाडापासून सुटते खरी, पण तिचा रस सारा बाहेर पडलेला असतो.

आता मुरवण. अर्धा किलो तुकड्यांना एक मोठा चमचा सोया सॉस, पाव लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा साखर, चिमूटभर मिरपूड, इंचभर अद्रकाचे केसासारखे बारीक काप, दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर, आणि सगळ्यात शेवटी दोन लहान चमचे तेल. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे सत्त्व. भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. ते नसेल तर आरारूट चालते. या सत्त्वाचे काम असे की ते तुकड्यावर पातळ अस्तर धरते, वाफ लागताच ते चिकटसर होते आणि आतला रस आत राहतो. म्हणूनच वाफवलेला चिनी तुकडा जिभेला गुळगुळीत लागतो. धिंगरी अळिंबी वाळवलेली मिळाली तर पाच-सहा घ्यावी, कोमट पाण्यात भिजवून, पिळून, फाडून मिसळावी. वीस मिनिटे मुरू द्यावे, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. चिनी घरात यात तांदळाची दारू घालतात. ती आम्ही गाळली आहे, अद्रक तिचे काम बहुतांशी करते. अजिनोमोटोचीही गरज नाही. ते विष आहे असे जे बोलले जाते ते अतिशयोक्त आहे, पण सोया सॉस आणि अळिंबी यांत तीच रुची नैसर्गिकरीत्या आहे, मग बाहेरून कशाला आणावी?

सोया सॉसबद्दल मात्र चार शब्द अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. सोयाबीन हे मूळचे चीनचे पीक. गेल्या तीन-चार दशकांत त्याने वऱ्हाडातील कापूस-ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली, आणि वाशीम जिल्ह्याचे तर ते आज मुख्य खरीप पीक आहे. जऊळक्याचा शेतकरी ते पेरतो, कापतो, मळतो, भाव पडला म्हणून हळहळतो आणि पोत्यांत भरून विकतो. त्याचे तेल निघते, पेंड निघते. पण त्याच दाण्यापासून चीनमध्ये जे शेकडो वर्षे होत आले, ते या गावच्या कोणत्याच चुलीला ठाऊक नाही. सोयाबीन उकडायचे, त्यात गव्हाचे पीठ किंवा भाजून भरडलेले गहू मिसळायचे, त्यावर एका विशिष्ट जातीची बुरशी वाढू द्यायची, आणि मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने आंबू द्यायचे. दाण्यातली प्रथिने फुटून रुचकर होतात, आणि गाळून निघतो तो सोया सॉस. ही बुरशी ओळखीची आणि शुद्ध लागते, म्हणून घरी हा प्रयोग करू नये. मात्र बाटली घेताना मागचा मजकूर वाचावा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढेच लिहिले असेल तर ती आंबवलेली. आम्लाने विघटित केलेले वनस्पती-प्रथिन आणि कॅरॅमलचा रंग असे लिहिले असेल तर ती झटपट केलेली. ती वाफेवर कडवट लागते. गाडीवरच्या जाळात हा फरक कळत नाही, वाफेत लगेच कळतो. आणि रक्तदाबाच्या माणसांनी ध्यानात घ्यावे की एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते, दिवसाची एकूण मर्यादा पाच ग्रॅम धरतात. वर दिलेले प्रमाण चौघांत वाटले गेले तर माणशी एक ग्रॅमच्या आसपास येते. ताटात पुन्हा बाटली उपडी केली तर हा हिशेब फुकट.

पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, झाकणाच्या कडेने वाफेचा लोट दिसू लागावा, आणि मगच थाळी आत ठेवावी. गार गंजात थाळी ठेवून खाली जाळ करणारा माणूस वेळ कशावरून मोजणार? तुकडे एकाच थरात, एकमेकांना जेमतेम टेकलेले. जाळ मोठा. हाडाचे तुकडे पंधरा ते अठरा मिनिटे. या वेळात मध्येच झाकण उघडून पाहू नये. प्रत्येक उघडझापीने दोन-तीन मिनिटे वाढतात. नंतर सर्वांत जाड तुकडा काढून हाडापर्यंत चिरावा. आतले मांस कोठेही काचेसारखे अर्धपारदर्शक नसावे, रस स्वच्छ असावा, आणि मांस हाडापासून ओढ न घेता सुटावे. स्वयंपाकाचा तापमापक मिळाला तर फारच चांगले, मांसात खुपसल्यावर ७४ अंश दाखवला की काही शंका उरत नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ क्वचित तांबूस छटा राहते, ती हाडातल्या मगजाची असते. पण तापमापक नसेल तर छटेवर वाद घालत बसू नये, थाळी आणखी पाच मिनिटे आत ठेवावी. थोडे कोरडे झालेले पत्करले, कच्चे नको.

उतरवल्यावर पाच मिनिटे तशीच झाकून ठेवावी. आता येतो आपल्याकडच्या मोठ्या आक्षेपाचा निकाल. ‘फोडणी नाही तर त्याला भाजी कसे म्हणायचे?’ असे घरोघरी म्हटले जाते. कँटनच्या गृहिणीचेही मत नेमके हेच आहे! ती थाळीवर पातीचा कांदा आणि अद्रक अगदी बारीक चिरून पसरते, पळीत दोन चमचे तेल धुरावेपर्यंत तापवते आणि चर्रर्र करून वरून ओतते. आपण ढोकळ्यावर वरून फोडणी देतो तीच ही गोष्ट, मोहरी-हिंगाविना. घरातल्या तिखट खाणाऱ्यांनी त्या तेलात दोन सुक्या मिरच्या टाकाव्यात आणि आपल्या भागावरच घ्यावे. आजीचा आणि पोराचा भाग आधी बाजूला काढावा, त्यांना तेल नसले तरी चालते. एकाच थाळीतून दोन जिभा सांभाळता येतात, ही सोय रश्श्याच्या गंजात नाही.

आता गावरान. चीनच्या नैर्ऋत्येला युनान प्रांत आहे. तेथील ज्येनश्वै गावचे कुंभार मातीचे एक चमत्कारिक भांडे करतात. बाहेरून साधे गोल, झाकणाचे, पण तळाच्या मधोमध आतून पोकळ अशी निमुळती नळी वर आलेली. हे भांडे उकळत्या पाण्याच्या गंजावर बसवतात. आत कोंबडीचे तुकडे, अद्रक, थोडे मीठ. पाण्याचा थेंब नाही. खालची वाफ नळीतून वर येते, झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि ते थेंबाथेंबाने कोंबडीवर पडत राहते. तीन-चार तासांनी भांडे उघडावे तो काय, आत वाटी-दोन वाट्या स्वच्छ, सोनेरी, जवळजवळ पारदर्शक सार जमलेले असते. आधी ज्या टपटपीला फडके बांधून अडवले, तिलाच येथे कामाला लावले आहे. हळूहळू विरघळणारे ते चिवट वेष्टन या सारात उतरते, म्हणून ते ओठांना किंचित चिकटते.

ही नळीची हंडी आपल्याकडे मिळणे कठीण. पण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोंबडी घालून, तिच्यात फक्त अर्धी वाटी पाणी, अद्रकाचे चार काप आणि मीठ घालून, तो डबा मोठ्या गंजात पाण्यात उभा करावा. बाहेरचे पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत, गंजावर झाकण, जाळ मध्यम. बाहेरचे पाणी आटत आले की उकळतेच पाणी घालावे, गार नव्हे. दोन ते तीन तास लागतात. चुलीवर हे करणे सोपे, कारण भाकरी झाल्यावर निखाऱ्यांची ऊब पुष्कळ वेळ फुकट जात असते, ती येथे उपयोगी पडते. गॅसवर मात्र ते परवडणारे नाही. गॅस असेल तर गावरान सरळ कुकरात, डब्यात घालून, शिटी लावून पाऊण तास ठेवावी. तिला तो दाब सोसतो. सार थोडे गढूळ होईल इतकेच. चिनी पाकशास्त्री नाक मुरडतील, पण त्यांचे गॅस सिलिंडरचे बिल आपल्याला भरायचे नाही.

दोन्ही रीतींत थाळीत किंवा डब्यात जो रस उरतो तो टाकू नये. पहिल्या रीतीतला रस दाटसर आणि खारट असतो, तो मऊ भातावर घालून खातात, आणि ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यालाही तो चांगला लागतो असे आम्हांला वाटते. दुसरीतले सार आजारी माणसाला गरम गरम, दोन थेंब लिंबू पिळून द्यावे. उरलेले मांस रात्रीसाठी ठेवायचे असेल तर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये जावे, आणि पुन्हा देताना नुसते कोमट न करता वाफ निघेपर्यंत तापवावे. फ्रिज नसेल तर तेवढीच शिजवावी जेवढी त्या जेवणाला संपेल. मुले घरात असली तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.